भैरवसिंगाचा मुलगा

पुढच्या पानांवर आहे ती एक यादी. फलटण शहरातल्या आणि तालुक्यातल्या घरांमधून, माळ्यांवरून, लोखंडी ट्रंकांतून जी जुनी मराठी कॉमिक्स अजून हाती लागतात, त्यांची. अंकाचं नाव, क्रमांक, महिना, किंमत, किती पानं शाबूत आहेत, एवढेच रकाने. अशा यादीला खरं तर प्रस्तावना लागत नाही. ज्याला कॉमिक्सचं वेड आहे तो थेट रकान्यांवर जातो, आणि ज्याला नाही तो पुस्तिका उघडतच नाही. पण या यादीत एक नोंद अशी आहे की तिच्यापुढचे जवळजवळ सगळे रकाने कोरे आहेत. मुखपृष्ठ गेलेलं, मलपृष्ठ गेलेलं, टाचण्यांचा गंज मधल्या पानांवर उतरलेला. तो अंक माझ्या कपाटातला आहे. गोष्टीवरून मात्र तो बिनचूक ओळखता येतो. इंद्रजाल कॉमिक्समध्ये बहादूर ज्या गोष्टीतून पहिल्यांदा आला, ती ही गोष्ट. इंग्रजी आवृत्तीत तिचं नाव होतं ‘द रेड ब्रिक्स हाऊस’ आणि ती आली डिसेंबर १९७६ मध्ये.

यादीच्या निमित्ताने तो अंक पुन्हा नीट वाचला. लहानपणी वाचला होता तेव्हा तो मला फारसा आवडला नव्हता, आणि आमच्या गल्लीत कोणालाच आवडला नव्हता. का आवडला नव्हता ते आता वाचताना कळलं. बाकीची यादी वाचक आपापली पाहतीलच. मी या एकाच अंकाबद्दल लिहिणार आहे. त्यासाठी आधी थोडं वेताळाकडे जावं लागेल, कारण आमच्या पिढीला बहादूर भेटला तो वेताळाच्या शेजारी उभा असलेला.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबईतल्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आली. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, कन्नड अशा भाषांमधून हे अंक निघत. सुरुवातीच्या काळात या कामात अनंत पै होते. पुढे १९६७ साली त्यांनी अमर चित्रकथा काढली तो इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. इंद्रजाल चाललं १९९० पर्यंत. सव्वीस वर्षांत आठशेच्या आसपास अंक निघाले.

वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. फॉकने १९३४ साली मँड्रेक सुरू केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत फँटम आणला. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली आला. अंगासरसा घट्ट पोशाख, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग असलेला मुखवटा ही सुपरहिरोची ठेवण वेताळाने आधी घालून दिली. गंमत अशी की वेताळाकडे शक्ती कसलीच नाही. तो उडत नाही, भिंतीतून पलीकडचं पाहत नाही, गोळी लागली तर त्याला जखम होते. त्याची सगळी ताकद लोकांच्या समजुतीत आहे. १५३६ साली समुद्रकिनाऱ्यावर वाहत आलेल्या एका माणसाने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख घालत आला. जंगलाला वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे. आपण वाचतो तो एकविसावा.

मुंबईच्या संपादकांनी हिंदुस्थानी वाचकासाठी काही नावं बदलली होती. मूळच्या ‘बेंगाली’चं डेंकाली केलं, कारण आपला बंगाल डोळ्यांपुढे येऊ नये. चाच्यांच्या टोळीचं नाव मूळ सिंग होतं, त्याचं सिंगा झालं. पहिल्याच अंकातल्या गोष्टीत विसाव्या वेताळाला मारून त्याचा पट्टा पळवणाऱ्या खुन्याचं नाव मूळ कथेत रामा होतं. ते रामालू करून टाकलं. राम नावाचा खुनी चालणार नाही, हे कोणाच्या तरी वेळीच लक्षात आलं. रामनवमीला ज्या गावात रामाचा पाळणा हलतो आणि ज्याच्या राममंदिराचा रथ साऱ्या तालुक्याला ओढून आणतो, त्या आमच्या फलटणमध्ये तर अजिबातच चाललं नसतं.

वेताळ फलटणला इतक्या सहज मानवला याचं कारण मला वाटतं तिथेच आहे, या गावच्या मातीत. फलटण हे संस्थानी गाव. नाईक निंबाळकरांचं घराणं इथलं शतकानुशतकांचं. मूळ पुरुष निंबराज, त्यांनी वसवलेलं निंबळक हे गाव जवळच, आणि त्यावरून आडनाव. सईबाई इथल्या, म्हणजे संभाजीराजांचं आजोळ इथलं. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, पण मनमोहन राजवाडा तिथेच उभा राहिला, मुधोजी हायस्कूल, मुधोजी कॉलेज ही नावं राहिली, आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात राजेसाहेब राहिले. घराण्यातली नावं पाहा. मुधोजी, मालोजी, बजाजी, महादजी, जानोजी. आजोबाचं नातवाला, नातवाचं पुढे त्याच्या नातवाला. कोणता मुधोजी कितवा हे सांगायला जाणकारच लागतो. वेताळाच्या घरातही तेच. प्रत्येक थोरल्या मुलाचं नाव किट. कवटीच्या गुहेत एक दालन आहे, तिथे प्रत्येक वेताळाने आपल्या हाताने लिहून ठेवलेल्या बखरी ओळीने लावलेल्या. काही अडचण आली की एकविसावा त्या उघडतो आणि नववा काय करून गेला ते पाहतो. न्यूयॉर्कच्या किंवा मुंबईच्या मुलाला ही फार अद्भुत कल्पना वाटली असेल. फलटणच्या मुलाला त्यात नवल काय वाटणार? दप्तर आहे, वंशावळ आहे, गादी आहे, आणि गादीवर बसलेला माणूस बदलला तरी मुजरा तोच. आम्ही वेताळाला परका मानलंच नाही.

परका होता तो. एक गोरा माणूस चारशे वर्षं काळ्या लोकांच्या जंगलात राहून त्यांना आपण अमर असल्याचं भासवतो, आणि ते त्याचे न्यायनिवाडे डोक्यावर घेतात. हे आज वाचताना खटकतं आणि खटकायलाच हवं. बांदार बुटक्यांचा गुरान हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती, पण सोबती म्हणजे काय, तर गुहेच्या दाराशी उभा राहणारा. इंग्रजांचं राज्य जेमतेम एका पिढीपूर्वी संपलेल्या देशात आम्ही मुलं हे वाचत होतो आणि कोणाला काही वाटत नव्हतं. डेंकाली कुठे आहे असं विचारलं असतं तर आम्ही बाणगंगेच्या पलीकडे बोट दाखवलं असतं.

कॉमिक्स फलटणला यायची एसटीने. रेल्वे लोणंदला, आणि फलटणला पॅसेंजर गाडी सुरू झाली ती थेट २०१९ साली. त्यामुळे स्टेशनच्या बुकस्टॉलवर नवा अंक उघडून पाहणं हे सुख आम्हाला लोणंदला जाऊनच मिळे. स्टँडवरच्या स्टॉलवर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर मोजके अंक येत. विकत घेणारे थोडे, भाड्याने वाचणारे पुष्कळ. दोरीवर मधोमध घडी घालून टांगलेले अंक, चार-आठ आण्यांत दिवसभर न्यायचे, संध्याकाळी परत. न फाडता परत आणला तरच पुढचा मिळे. मुखपृष्ठं जात ती या दोरीमुळे. म्हणून आमच्या यादीत कणा शाबूत आणि तोंड गायब अशा अंकांची भरती आहे.

आता बहादूर.

आबिद सुरती (जन्म १९३५) हे गुजराती-हिंदी लेखक, चित्रकार, ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजीचे जनक. त्यांनी बहादूर लिहिला आणि चित्रं काढली गोविंद ब्राह्मणिया यांनी, जे इंद्रजालची मुखपृष्ठंही रंगवत. परदेशी सिंडिकेटकडून विकत घेतलेल्या नायकांच्या रांगेत हा पहिला घरचा नायक. भगवा कुडता, खाली जीन्स, पायात बूट. मुखवटा नाही. गाव जयगड, मुलूख चंबळसारखा, घळी आणि दरोडेखोर. बहादूर हा भैरवसिंग नावाच्या दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मरतो. मारणारा अधिकारी विशाल. मुलगा सूड घ्यायची शपथ घेतो. इथपर्यंत ही वेताळाचीच गोष्ट आहे. मेलेला बाप, जिवंत मारेकरी, तरणा मुलगा. पण इथून ती उलट्या दिशेला वळते. विशाल त्या पोराला वाढवतो. बाप काय होता, त्याने कोणाकोणाची घरं बुडवली, हे मुलाला कळत जातं. शपथ मोडते. ज्याला मारायचं त्याच्याच बाजूला मुलगा उभा राहतो आणि दरोडेखोरांशी लढायला गावकऱ्यांचं, साध्या नागरिकांचं एक सुरक्षा दल काढतो.

वेताळाची सगळी इमारत बापाच्या खुन्याच्या कवटीवर उभी आहे. बहादूरची उभी आहे ती कवटी खाली ठेवण्यावर. माझ्या मते सगळ्या भारतीय कॉमिक्समध्ये एवढी धाडसी सुरुवात दुसऱ्या कोणत्याही नायकाला मिळालेली नाही. मुलाने बापाचा वारसा नाकारायचा, तोही चार लोकांदेखत, आणि तरी त्याला नायक म्हणायचं. आपल्याकडे हे पचत नाही. बाप कसाही असो, तो बाप असतो. त्याला गोळी घातली त्याच्या घरचं अन्न खायचं? आमच्या गल्लीत या मुद्द्यावर भांडणं झाल्याचं मला आठवतं. बहुमत स्पष्ट होतं. बहादूर घरभेदी होता.

या बहुमताला मी आता हसत नाही, कारण ते बहुमत सातारा-सांगलीचं होतं. दरोडेखोराच्या मुलाची आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि ती आधीची आहे. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. तिच्यातही बाप मारला जातो. राणोजी गावासाठी जोगणी आणतो आणि त्यात त्याचा जीव जातो. फकिरा त्याचा मुलगा. तोही बापाच्या वाटेने जातो, दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, सरकारशी लढतो. तिथे कायदा इंग्रजांचा आहे, जातीने गुन्हेगार ठरवणारा आहे, आणि म्हणून लुटणारा माणूस न्यायाच्या बाजूला आहे. पुढच्या काळात वाळवा तालुक्यातल्याच बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांची कथा गावोगाव सांगितली गेली, त्यांच्यावर पोवाडे झाले, चित्रपट झाला. फरारी माणसाला भाकरी देणं हा आमच्या भागात गुन्हा कधी वाटलाच नाही. त्या भाकरीवर वाढलेल्या मुलांना विशाल नावाच्या फौजदाराचं कौतुक सांगायचं म्हणजे अवघडच काम होतं.

आणि नागरिकांचं दल म्हणाल, तर तेही आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेलं होतं. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या शेकडो गावांत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. कुंडलला तुफान सेना उभी राहिली. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रक्कम नेली, एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना लुटला. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. जरा कमी सांगितला जातो तो दुसरा भाग. प्रतिसरकारने न्यायदान मंडळं चालवली, सावकारांना वठणीवर आणलं, आणि भूमिगतांच्या आडोशाने लूटमार करणाऱ्या खऱ्याखुऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. बायकांच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला, खबऱ्याला तळपायांवर फटके बसत. पत्री सरकार हे नाव लोकांनी त्या शिक्षेवरूनच पाडलं. म्हणजे दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांची फौज ही बहादूरची कल्पना साताऱ्याला तेहतीस वर्षं जुनी होती. फरक इतकाच, की आमच्या फौजेच्या समोरच्या बाजूला पोलिसही होते. फलटण तेव्हा संस्थान असल्यामुळे सरकारी नकाशावर ब्रिटिश साताऱ्याच्या बाहेर पडत होतं, पण गोष्टींना हद्द नसते. नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या फडांतून कोण कधी गेलं, कुठे लपलं, हे आमच्याकडचे म्हातारे रंगवून सांगत.

सुरतींनी यातलं काही डोळ्यांपुढे ठेवलं असेल असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर चंबळ होती. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे तिथल्या बागींनी हत्यारं खाली ठेवली होती. ती बातमी साऱ्या देशाने वाचली होती. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला आणि डाकू म्हटलं की गब्बर, हे ठरून गेलं. बहादूर त्यानंतर सव्वा वर्षाने आला. तेव्हा आणीबाणी चालू होती.

आणीबाणीचा आणि बहादूरचा संबंध जोडताना मला जपून बोलायचं आहे. कॉमिक्सचा लेखक सरकारी माणूस नव्हता आणि गोष्टीत कुठे घोषणा नाहीत. पण वाचक काही हवेत वाचत नाही. १९७६ च्या डिसेंबरात ज्या घरांतली माणसं तुरुंगात होती, त्या घरांतल्या मुलाच्या हातात हा अंक पडला, तेव्हा पोलीस बरोबर होते आणि बाप चूक होता हे वाक्य त्याला कसं लागलं असेल? आमच्या ओळखीच्या एका घरात वडील येरवड्यात होते. त्यांच्या मुलाने हा अंक अर्ध्यात मिटून परत दिला, एवढं मला आठवतं. तेव्हा आम्ही त्याला चिडवलं होतं.

असो. गोष्टीवर मी एवढा अडून राहिलो, कारण चित्रांकडे आम्ही तेव्हा पाहिलंच नव्हतं. आता पाहतो तर गोविंद यांची रेघ फार चांगली आहे. सिंडिकेटच्या नायकांची चित्रं वर्तमानपत्राच्या पट्टीसाठी काढलेली. ती कापून, पुन्हा जुळवून पानात बसवलेली असत, त्यामुळे चौकटी एकाच मापाच्या आणि कधी कधी माणसाचा खांदाच कापलेला. बहादूर मुळातच पानासाठी काढलेला आहे. घळीतून जाणारा घोडेस्वार उंच चौकटीत उभा राहतो, गावची पंचायत आडव्या चौकटीत पसरते. माणसांचे चेहरे आपल्याकडचे आहेत. बायकांचे पदर, खाटेच्या सुतळीची वीण, विहिरीचा रहाट, हे सगळं पाहून काढलेलं आहे. वेताळाच्या जंगलात एकही झाड ओळखीचं नव्हतं. बहादूरच्या माळावर बाभळ आहे. आणि पुढच्या गोष्टींतून उभी राहिलेली बेला. ती बहादूरची प्रेयसी आहे, पण दलातली लढवय्यीही आहे, स्वतःची मारामारी स्वतः करते. वेताळाच्या डायनाची चाळीस वर्षं पळवून नेली जाण्यातच गेली. त्यांचं लग्न झालं ते १९७७ साली.

रंगांबद्दल मात्र न बोललेलं बरं. लाल रंग रेघ सोडून अर्धा दोरा उजवीकडे सरकलेला आहे आणि प्रत्येक दरोडेखोराला ओठांच्या दोन जोड्या आहेत.

मराठीबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. या अंकातले दरोडेखोर पुस्तकी प्रमाण मराठी बोलतात. विहिरीवरच्या बायकाही तीच बोलतात. फलटणला असं कोणी बोलत नव्हतं, आणि चंबळमध्ये तर प्रश्नच नाही. फलटणच्या बोलीचं महत्त्व ज्यांनी आम्हाला नंतर पटवून दिलं त्या मॅक्सीन बर्नसन. त्या १९६६ साली इथे राहायला आल्या, फलटणच्या मराठीतल्या सामाजिक भेदांवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि मग अमेरिकेला परतायचं सोडून त्या इथल्याच झाल्या. प्रगत शिक्षण संस्था त्यांनी उभी केली. पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा आली. मूल घरी जी भाषा बोलतं तिच्यापासून वाचन सुरू करायचं आणि त्याच्या हातात भरपूर गोष्टीची पुस्तकं द्यायची, हा त्या कामाचा पाया. आमच्या काळी हे काम दोरीवरच्या कॉमिक्सनी आडमुठेपणाने केलं. वर्गात ज्याला धड्यातली ओळ सलग वाचता येत नव्हती असा एक मुलगा चित्रं पाहत पाहत फुगे वाचायला शिकला. त्या मुलाच्या शाळेत कॉमिक्स सापडलं की ते जप्त होई आणि परत मिळत नसे. जप्त झालेल्या अंकांचं पुढे काय होई, याची चौकशी या यादीसाठी केली, पण हाती काही लागलं नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहते. मराठी वाचकाला बहादूर मिळाला तो गुजराती लेखकाकडून. वेताळ अमेरिकेचा. मग मराठीने काय केलं? मराठी हातांनी दुसऱ्यांचे नायक काढले. अमर चित्रकथेतून ज्यांची चित्रं घरोघर गेली ते प्रताप मुळीक. अमिताभ बच्चन यांना सुपरहिरो करणारा ‘सुप्रीमो’ १९८३ मध्ये सुरू झाला, त्याची चित्रं मुळीकांची. १९८६ साली राज कॉमिक्सने हिंदीत नागराज आणला, त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रंही मुळीकांचीच. पुढे संजय अष्टपुत्रे हे आणखी एक मराठी नाव नागराजाशी जोडलं गेलं. उत्तर भारतातल्या पोरांनी ज्याच्यासाठी जीव टाकला तो हिरवा नागमानव मराठी ब्रशातून उतरला होता. मराठीत मात्र चित्रकथेचा स्वतःचा नायक रुजला नाही. आमच्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, आणि तो आम्हाला वेताळापेक्षाही जवळचा होता, पण तो आम्ही वाचला गोष्टींच्या पुस्तकांतून. त्याचा चेहरा प्रत्येकाने आपापला तयार केला. प्रकाशकांना हे काम फायद्याचं वाटलं नाही, आणि पालकांना कॉमिक्स म्हणजे वाया गेलेला पैसा वाटला. दोन्ही पक्षांनी मिळून ती शक्यता संपवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

बहादूरचं पुढे काय झालं? सुरतींनंतर इतरांनी तो लिहिला. अंक निघत राहिले. सुरती स्वतः कादंबऱ्या, कथा लिहीत राहिले; ‘तीसरी आँख’ या हिंदी कथासंग्रहाला १९९३ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला त्यांचं आवडतं काम वेगळंच आहे. २००७ साली त्यांनी मीरा रोडला ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ नावाची संस्था सुरू केली. संस्था म्हणजे ते स्वतः, बरोबर एक प्लंबर आणि एक मदतनीस मुलगी. रविवारी सकाळी इमारतींमध्ये जायचं, दार वाजवायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. गावकऱ्यांनी आपलं आपण निस्तरायचं हे जयगडात त्यांनी दाखवलं होतं. मीरा रोडला ते पाना घेऊन स्वतः गेले. ज्या फलटण तालुक्यात कालव्याखालचा भाग हिरवा आणि वरचा भाग टँकरची वाट पाहणारा, तिथल्या वाचकाला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

आता यादीविषयी. इंग्रजी आणि हिंदी इंद्रजालच्या सूची हौशी संग्राहकांनी बऱ्याच बारकाईने केलेल्या आहेत. मराठी अंकांकडे तेवढं लक्ष गेलेलं नाही. इंग्रजी अंक शहरांतल्या कपाटांत राहिले, मराठी अंक तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोरीवर झिजले आणि रद्दीत गेले. जे उरले ते दिवाळीच्या साफसफाईत जातात. म्हणून आम्ही आमच्यापुरतं, एका तालुक्यापुरतं हे काम केलं आहे. अंक गोळा केलेले नाहीत. ते ज्याचे त्याच्या घरी आहेत. फक्त पाहून नोंद केली आहे. मुखपृष्ठ नसलेला अंक गोष्टीवरून ओळखला असेल तर तसं लिहिलं आहे, आणि ओळख पटली नसेल तर रकाना कोरा सोडला आहे. अंदाजाने एकही रकाना भरलेला नाही.

वाचकांना विनंती एवढीच. बारामती, माण, खटाव, वाळवा, पलूस, कुठेही तुमच्या घरी जुनी मराठी कॉमिक्स असतील, तर ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी एकदा उघडा. क्रमांक, महिना आणि किंमत पहिल्या किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सापडते. ती वहीत उतरवून ठेवा. मुखपृष्ठ नसलं तरी अंक टाकू नका, आणि फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका; काही वर्षांत ती पिवळी पडते आणि चित्रातली शाई घेऊन निघते. बहादूरचा पहिला मराठी अंक मुखपृष्ठासकट कोणाकडे असेल तर त्या मुखपृष्ठाचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. आमच्या यादीतली कोरी नोंद पुढच्या आवृत्तीत त्यावरूनच भरता येईल.